सिमेंटचे जुने पत्रे काढताय? फोडू नका, जाळू नका, ओढ्यात टाकू नका : ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याची सुरक्षित आणि कायदेशीर विल्हेवाट अशी लावा

वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी गावोगाव एकच चर्चा असते, कुणाचे किती पत्रे उडाले. गोठा, कांदाचाळ, पोल्ट्रीचे शेड, जिल्हा परिषदेच्या शाळेची जुनी खोली, सोसायटीचे गोदाम, सगळीकडे करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे दिसतात. फुटले की त्यांचे तुकडे गोळा होतात आणि ट्रॉलीत भरून ओढ्याच्या कडेला, पडक्या विहिरीत नाही तर पाणंद रस्त्याच्या खड्ड्यात टाकले जातात. काम झालं असं सगळ्यांना वाटतं. खरा धोका मात्र तिथूनच सुरू होतो.

या पत्र्यांना आपल्याकडे सरसकट 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा टिकत नाही. त्याला ताकद यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस, बाकी सिमेंट, राख आणि इतर भर. पत्रा शाबूत असेल तोवर हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, घासला किंवा दळला गेला की ते मोकळे होऊन हवेत मिसळतात.

धोका नेमका काय आहे?

ॲस्बेस्टॉस हा दगडच आहे, पण त्याचे उभे चिरत चिरत अतिशय बारीक तंतू होतात. इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना वास नाही आणि नाकाला झोंबतही नाहीत. मिरचीची धूळ लगेच ठसका आणते, ही धूळ आणत नाही. त्यामुळे माणूस बेफिकीर राहतो. श्वासातून गेलेले तंतू फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. ते विरघळत नाहीत आणि सगळे बाहेरही पडत नाहीत.

यातून मुख्यतः तीन आजार होतात. पहिला ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस कडक होत जाऊन धाप लागणे. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना 'माणसात कर्करोग करणारे' या पहिल्या गटात ठेवले आहे. आपल्या पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा ॲस्बेस्टॉस, ज्याला क्रायसोटाइल म्हणतात, तोही त्याच गटात येतो.

हे आजार लगेच होत नाहीत. धूळ अंगावर घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ४० वर्षे जातात. म्हणून 'आमच्या आज्याने आयुष्यभर पत्रे ठोकले, त्याला काही झालं नाही' हा हिशेब इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी जपून ठेवायला सांगितले. कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर. एवढी लांब मुदत ठेवली, कारण आजारच तेवढ्या उशिरा समोर येतो.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ही धूळ घेतली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. दोन्ही धोके नुसते जुळत नाहीत, एकमेकांना वाढवतात.

पण घाबरून जायचेही कारण नाही. डोक्यावर शाबूत पत्रा आहे म्हणून घर सोडायची गरज नाही. एखादा पत्रा एकदा हातून फुटला म्हणजे आजार झालाच असेही नाही. धूळ जितकी जास्त आणि जितके दिवस, तितका धोका जास्त. मात्र अमुक इतकी धूळ चालते अशी सुरक्षित पातळी माहीत नाही. म्हणून जेवढी टाळता येईल तेवढी टाळायची.

आपला पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे का?

- टिनाचा, जीआयचा किंवा रंगीत लोखंडी पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस नाही. कौलातही नाही.
- करड्या रंगाचा, साधारण ६ मिलिमीटर जाडीचा, नळ्या-नळ्यांचा जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे.
- काही पत्र्यांवर मानक क्रमांकाचा शिक्का असतो. आयएस ४५९ म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा नळीदार पत्रा. आयएस १४८७१ हे मानक ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंट पत्र्याचे आहे. दोन्ही पत्रे दिसायला सारखेच असतात, म्हणून शिक्का किंवा खरेदीचे बिल बघावे.
- शिक्का पुसला असेल तर खात्री करायला म्हणून पत्रा फोडून बघू नका. जुना आहे म्हणजे ॲस्बेस्टॉसचा आहे, असे समजून काम केले तर नुकसान काहीच नाही.

पत्र्यांशिवाय आणखी काही जागी हा माल सापडतो. जुन्या नळपाणी योजनांचे सिमेंटचे पाईप, ज्यांना प्लंबर 'एसी पाईप' म्हणतात, ते याच मालाचे आहेत. जुन्या इमारतीचे पावसाळी पाण्याचे पाईप, धुराडी, सपाट सिमेंट शीट आणि जुन्या यंत्रांची काही पॅकिंग यांतही ॲस्बेस्टॉस असू शकते.

काढायचा की राहू द्यायचा?

पत्रा शाबूत असेल, गळत नसेल, कडा झडत नसतील तर तो आहे तिथेच राहू द्यावा. भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याच्या वापरावर बंदी नाही. देशातले खाणकाम थांबले आहे, पण कच्चा माल बाहेरून येतो आणि पत्रे विकले जातात. ६० पेक्षा जास्त देशांनी मात्र ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे.

पत्रा राहू द्यायचा तर एवढे पाळा:

- शेवाळ काढायला तारेचा ब्रश, फावडे किंवा गाडी धुवायचा प्रेशर पंप वापरू नका.
- सोलर, डिश, धुराडे किंवा पंखा बसवायला ग्राइंडरने भोक पाडू नका.
- रंग द्यायचा असेल तर घासून देऊ नका.
- लहान भेग असेल तर वरून वॉटरप्रूफ लेप किंवा पट्टी लावून बंद करा.

पत्रे चुरा होऊन झडत असतील, वादळात फुटले असतील किंवा घर नवे बांधायचे असेल तर काढावेच लागतात. तेव्हा पुढची पद्धत पाळा.

वादळात पत्रे फुटले तर आधी पंचनामा

भरपाईसाठी पंचनामा लागतो. म्हणून घाईत तुकडे गोळा करून फेकू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवा. पंचनामा होईपर्यंत तुकड्यांवर पाणी मारून वर ताडपत्री टाका, म्हणजे धूळ उडणार नाही आणि पुरावाही राहील. पोरांना आणि जनावरांना तिकडे फिरकू देऊ नका.

पत्रे काढण्याची पद्धत

*तयारी*

१. वारा नसलेली वेळ निवडा. सकाळची वेळ बरी.

२. घराचा वीजपुरवठा मेन स्विचपासून बंद करा. पत्र्यावर पाणी मारायचे आहे आणि पत्र्याखालून वायर गेलेली असते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला टेकत असेल तर आधी वायरमनला सांगा.

३. घरातले धान्य, पाण्याची भांडी, अंथरूण, गोठ्यातला चारा आणि गव्हाण झाका किंवा बाहेर काढा. जनावरे दुसरीकडे बांधा. शेजाऱ्यांना खिडक्या लावायला सांगा.

४. काम करणाऱ्यांशिवाय कुणी जवळ थांबू नये. बाळ, गरोदर बाई, दम्याचा माणूस असेल तर त्या दिवशी पाहुण्याकडे गेलेले चांगले.

*अंगावर काय घालायचे*

टॉवेल, उपरणे किंवा रुमाल तोंडाला बांधून उपयोग नाही. तंतू कापडातून सहज आत जातात. एफएफपी३ दर्जाचा मास्क उत्तम. तो मिळाला नाही तर किमान एफएफपी२ किंवा एन९५ मास्क घ्या. मास्कवर आयएस ९४७३ हे मानक आहे का ते बघा. मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बाजूने हवा जाते. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, डोक्याला टोपी, रबरी हातमोजे आणि धुता येणारे गमबूट घाला. काम चालू असताना बिडी, तंबाखू, चहा, पाणी काही नको. विश्रांती घ्यायची तर लांब जाऊन, हात-तोंड धुऊन मगच.

*पत्र्यावर पाय देऊ नका*

याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. वरून भक्कम दिसतो आणि पाय दिला की एकदम तुटतो. खाली फरशी किंवा यंत्र असेल तर जीव जातो. ॲस्बेस्टॉसचा आजार ४० वर्षांनी होईल, पण पत्र्यातून पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. म्हणून शक्य तेवढे काम खालून शिडी किंवा पहाड लावून करा. वर जावेच लागले तर दोन-तीन वाशांवर किंवा अँगलवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाका आणि फळीवरूनच फिरा. कमरेला दोर बांधून तो भक्कम जागी अडकवा. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पत्र्यावर चढूच नका.

*काढणे*

१. पत्रा दोन्ही बाजूंनी ओला करा. फवारणी पंपाने हलके पाणी मारा. पाण्यात थोडी साबणाची पावडर टाकली की पाणी चांगले मुरते. औषध फवारणीचा पंप असेल तर आधी स्वच्छ धुऊन घ्या. जोराची धार मारू नका.

२. हुक बोल्टचे नट पान्याने सोडवा. गंजून बसला असेल तर बोल्ट कापा, पत्रा कापू नका. बोल्टभोवतीचा भाग ओला ठेवा. हातोड्याने पत्रा ठोकून काढायची सवय इथे सोडून द्या.

३. पत्रा अख्खा काढा आणि दोन माणसांनी हाताने किंवा दोराने सावकाश खाली घ्या. वरून टाकू नका. १० फुटी पत्रा साधारण ४० किलोच्या आसपास भरतो, एकट्याने उचलायचा नाही.

४. उचलताना हात घालायच्या जागी साप-विंचू आणि गांधीलमाशीचे पोळे बघून घ्या.

५. खाली प्लॅस्टिक अंथरून त्यावर पत्रे एकावर एक सपाट रचा.

*आवराआवर*

पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने किंवा फावड्याने अलगद गोळा करा आणि फडके त्याच पिशवीत टाका. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ब्लोअरने तर अजिबात नको, धूळ सगळ्या घरभर होईल. कपडे झटकू नका. बाहेरच ओले करून काढा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. परदेशात कारखान्यातल्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. मास्क सगळ्यात शेवटी काढा. मग डोक्यावरून आंघोळ करा.

बांधायचे आणि साठवायचे कसे

अख्खे पत्रे रचून झाले की वरून-खालून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सांधे चिकटपट्टीने बंद करा. किमान २०० मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिक हवे. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाचा उरलेला तुकडा असेल तर उत्तम. मल्चिंग पेपर चालणार नाही. तो २५-३० मायक्रॉनचा असतो आणि पत्र्याच्या कडेने लगेच फाटतो.

तुकडे आणि चुरा ओला करून आतून प्लॅस्टिक असलेल्या पिशवीत भरा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. खताची नुसती विणलेली गोणी चालत नाही, तिच्या विणीतून बारीक धूळ बाहेर येते. अर्धी पिशवीच भरा, गच्च भरली की टोकदार तुकड्यांनी फाटते. लांब तुकडे पिशवीत बसावेत म्हणून मोडू नका, ते अख्ख्या पत्र्यांबरोबर गुंडाळा.

बाहेरून ठळक अक्षरांत लिहा : 'सावधान. ॲस्बेस्टॉस. फोडू नका. धूळ श्वासात घेऊ नका.' उचलणारे मजूर परप्रांतीय असतील तर हिंदीतही लिहा.

हा गठ्ठा पाण्याच्या वाटेपासून दूर, वर्दळ नसलेल्या जागी, आडोशाला ठेवा. वरून ट्रॅक्टर जाणार नाही, पोरं खेळणार नाहीत, जनावरे अंग घासणार नाहीत असे बघा.

हे कधीच करू नका

- जाळू नका. ॲस्बेस्टॉस जळत नाही. चुलीत किंवा जाळात पत्रा टाकला की तो फटाक्यासारखा फुटतो, तुकडे अंगावर उडतात आणि तंतू मोकळे होतात.
- रस्त्यात, पायात, भरावात टाकू नका. मुरमाऐवजी पत्र्याचे तुकडे टाकले की येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरखाली त्यांचे पीठ होते आणि उन्हाळ्यात तेच सगळ्या वस्तीच्या नाकात जाते.
- विहिरीत, ओढ्यात, नाल्यात टाकू नका. पाणी आटले की गाळाबरोबर तो चुरा वर येतो.
- शेतात पुरू नका. मातीखाली तंतू उडत नाहीत हे खरे. पण ते कुजतही नाहीत. पुढे कुणी नांगरट केली, पाईपलाईनसाठी जेसीबी लावला किंवा जमीन विकली, की खालचे वर येणारच. आज पुरले ते नातवाच्या वेळी निघेल.
- बांधाला, उकिरड्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावू नका. मोडका पत्रा दररोज थोडा थोडा झडत राहतो.
- भंगारात किंवा फुकट देऊ नका. 'गरिबाच्या कामी येईल' म्हणून फुटका पत्रा ऊसतोडीच्या कोपीला किंवा मजुराच्या झोपडीला दिला जातो. त्यातून आपला धोका फक्त त्याच्या लेकरांच्या डोक्यावर जातो.
- घंटागाडीत किंवा बांधकामाच्या राडारोड्यात मिसळू नका. तिथे हाताने कचरा निवडणारी माणसे असतात.

कायदा काय सांगतो?

धोकादायक कचऱ्यासाठी केंद्र सरकारचे 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, २०१६' आहेत. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली हे नियम केलेले आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉस आणि ॲस्बेस्टॉसयुक्त वस्तूंच्या उत्पादनाचा वेगळा गट आहे. त्यात ॲस्बेस्टॉसचे अवशेष, टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस आणि गाळलेली धूळ हे सगळे घातक कचऱ्यात मोडतात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा आणि तंतूंचा कचरा परदेशातून आणायला मनाई आहे.

असा कचरा ज्या कारखान्यात किंवा आस्थापनेत तयार होतो त्यांच्यावर या नियमांनी पुढील जबाबदाऱ्या येतात:

- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घेणे.
- कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवून न ठेवणे.
- पिशवीवर किंवा डब्यावर ठरलेल्या नमुन्यातली चिठ्ठी लावणे.
- परवानगी असलेल्या वाहनातूनच, नमुना १० मधील वाहतूक पावतीसह पाठवणे.
- मान्यताप्राप्त सामाईक घातक कचरा प्रक्रिया केंद्रातच देणे.

राज्यात अशी सामाईक केंद्रे तळोजा (रायगड), महापे (नवी मुंबई), रांजणगाव (पुणे) आणि बुटीबोरी (नागपूर) इथे आहेत. तिथे ॲस्बेस्टॉस जाळत नाहीत. खाली आणि वर जाड अस्तर असलेल्या सुरक्षित खड्ड्यात तो कायमचा गाडला जातो, त्या जागेची नोंद राहते आणि पुढे ती खोदली जात नाही. शेतात पुरणे आणि इथे गाडणे यातला फरक हाच. भारतीय मानक ब्युरोनेही ॲस्बेस्टॉसचा कचरा कसा टाकावा याच्या शिफारशी आयएस ११७६८ या मानकात दिलेल्या आहेत.

पाण्याबाबत कायदा वेगळा आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषण करणारी वस्तू जाणूनबुजून टाकायला मनाई आहे. पर्यावरण अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली.

अडचण कुठे आहे?

हे नियम मुख्यतः कारखाने आणि आस्थापना समोर ठेवून केलेले आहेत. एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यावरचे २० पत्रे घ्यायला गावात गाडी येईल, अशी सोय ग्रामीण भागात उभी राहिलेली नाही. प्रक्रिया केंद्र शेकडो किलोमीटर लांब. एकट्याने भाडे भरून एवढा माल तिकडे नेणे कुणालाच परवडत नाही. म्हणून लोक ओढा जवळ करतात.

यावर मार्ग एकच, एकत्र येऊन पाठवणे. २५ पत्रे म्हणजे साधारण एक टन. गावात १५-२० घरांचे पत्रे निघाले तर एका ट्रकचा माल सहज होतो आणि भाडे विभागले जाते. हे काम ग्रामपंचायतीने हातात घेतले तरच जमते. गावाची स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य ही ग्रामपंचायतीची जबाबदारीच आहे.

*ग्रामपंचायतीने करायची कामे*

१. ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करणे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी अशी कोणतीही ग्रामसभा चालते.

२. कुणाकडे किती पत्रे पडून आहेत याची घरनिहाय यादी करणे.

३. वस्ती आणि पाणवठ्यापासून दूर, कुलूप लावता येईल अशी एक तात्पुरती जागा ठरवणे. तिथे फक्त गुंडाळलेला आणि नाव लिहिलेला माल घेणे.

४. गटविकास अधिकाऱ्यांमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाला पत्र देऊन साठवणूक, वाहतूक आणि केंद्रावर देण्याबाबत लेखी मार्गदर्शन व परवानगी मागणे.

५. जवळच्या केंद्राकडून टनाचा दर आणि वाहतुकीचा दर लेखी घेणे. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून मागितले तर आणखी बरे.

६. माल दिल्यावर पावती घेऊन दप्तरी ठेवणे.

*सरकारी इमारतींसाठी*

जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, गोदाम यांची दुरुस्ती निघते तेव्हा अंदाजपत्रकात 'जुने पत्रे काढणे' एवढाच खर्च धरलेला असतो. पत्रे कुठे जाणार, हे कुणी लिहीत नाही आणि ठेकेदार ते शाळेच्या मागेच टाकतो. म्हणून अंदाजपत्रक होतानाच 'ॲस्बेस्टॉसचे पत्रे ओले करून अख्खे काढणे, गुंडाळणे आणि मान्यताप्राप्त केंद्रावर देऊन पावती सादर करणे' ही बाब वेगळी धरायला लावा. पावती आल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीला धरता येतो. काम सुट्टीतच करावे, शाळा भरलेली असताना नाही.

अर्जाचा नमुना

*प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक), ग्रामपंचायत ......*

*विषय : ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची सुरक्षित विल्हेवाट लावणेबाबत.*

*महोदय, माझ्या मालकीच्या मिळकत क्र. ...... येथील घर / गोठा / शेडचे अंदाजे ...... पत्रे काढलेले / फुटलेले आहेत. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुरक्षित ठेवलेले आहेत. हा माल उघड्यावर, पाण्यात किंवा रस्त्याच्या भरावात टाकणे आरोग्यास घातक आहे. तरी गावातील अशा सर्व पत्र्यांची यादी करून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनाने ते मान्यताप्राप्त केंद्रावर पाठवण्याची व्यवस्था करावी व हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा, ही विनंती.*

*सोबत : पत्र्यांचे फोटो.*

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. उत्तर आले नाही तर गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करता येते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली 'अर्जावर काय कार्यवाही केली' असे विचारले तर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

लोक नेहमी विचारतात

जुन्या एसी पाईपमधून येणारे पाणी पिऊ नये का? जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शनानुसार, पाण्यातून पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसने अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. खरा धोका श्वासाचा. म्हणून पाईप फुटला तर प्लंबरने कोरडा पाईप ग्राइंडरने कापू नये. पाणी मारत, हातकरवतीने कापावा किंवा जोडापासून सोडवावा. जुने पाईप रस्त्याकडेला सोडू नयेत.

पत्रे काढले त्या दिवशी धूळ गेली, आता एक्स-रे काढू का? लगेच काढलेल्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे पत्रे कापण्या-ठोकण्याचे काम केले आहे त्यांना धाप, न थांबणारा कोरडा खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना 'मी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केले आहे' हे आपणहून सांगावे. नाही तर दमा किंवा टीबी समजून उपचार चालू राहतात.

नवीन छत कशाचे घालू? रंगीत लोखंडी पत्रा, कौल, स्लॅब किंवा ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंट पत्रा हे पर्याय आहेत. लोखंडी पत्रा तापतो म्हणून लोक सिमेंटचा घेतात. त्यावर पांढरा रंग, खाली चटई किंवा छताचे दुसरे अस्तर आणि दोन्ही बाजूंनी हवेला वाट ठेवली तर फरक पडतो. दुकानात बिलावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असे लिहून मागा.

मजुराला काम देऊन मोकळं झालं तर? मजूर आपल्या सांगण्यावरून काम करतो. मास्क, पाणी, फळी आणि दोर मालकानेच द्यायचा. मास्कला लागणारे पैसे मजुरीतून कापायचे नाहीत.

थोडक्यात

शाबूत पत्रा छेडू नका. काढायचा तर ओला करून, अख्खा काढा. पत्र्यावर पाय देऊ नका. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नाव लिहा. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि गावाचा माल एकत्र पाठवा. तोवर तो गठ्ठा आपल्या अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिला तरी चालेल, पण ओढ्यात आणि पाणंदीत जाता कामा नये.